गावदप्तर, वऱ्हाडातील

गावाच्या शिवारातील जमिनी, त्यांचे धारक, त्यांवरील सरकारी देणे, दरसालची पिके, तसेच गावातील जन्म, मृत्यू व तत्सम घडामोडी यांच्या नित्यनोंदी ज्या कागदपत्रांत ठेवल्या जातात, त्यांच्या संचास गावदप्तर असे म्हणतात. ‘दप्तर’ हा मूळ फार्सी शब्द. मराठीत त्याला कागदांचा गठ्ठा, तो बांधून ठेवण्याचे कापड आणि तो जेथे ठेवतात ती कचेरी असे तिन्ही अर्थ चिकटले आहेत. गावदप्तराचा इतिहास सामान्यतः महसूलपद्धतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो अपुरा आहे. कागद कोणी लिहिला, कोणत्या लिपीत व कोणत्या शब्दांत लिहिला, तो कोणास वाचता येत होता आणि ज्याच्या जमिनीविषयी तो होता त्याला तो वाचता येत होता की नाही, या प्रश्नांनी त्या इतिहासाची दुसरी बाजू बनते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ही दुसरी बाजू वऱ्हाडच्या, विशेषतः जुन्या वाशिम तालुक्याच्या संदर्भात मांडली आहे.

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव या दृष्टीने प्रातिनिधिक मानता येईल. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे ते सरकारी कागदांत ‘जऊळका (रेल्वे)’ असे लिहिले जाते. याच नावाचे दुसरे गाव बुलढाणा जिल्ह्यातही आहे. एका नावाची दोन गावे कागदावर वेगळी ओळखू यावीत म्हणून पूर्वीचे कारकून खुर्द व बुद्रुक हे फार्सी शब्द जोडीत. जऊळक्याच्या बाबतीत ते काम आगगाडीने केले. गावाचे नाव लोकांच्या तोंडी जसे असते, तसेच ते दप्तरात असेल असे नाही, ही या विषयातील पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय. दुसरी गोष्ट म्हणजे गाव जागचे हलत नाही, पण त्याचा जिल्हा हलतो. इंग्रजी अमलात वाशिम (बासीम) हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यात घालण्यात आले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. तेव्हा या परिसरातील जमिनीच्या जुन्या कागदाचा माग काढणाऱ्यास दोन जिल्ह्यांच्या व तीन राजवटींच्या दप्तरांतून हिंडावे लागते.

प्राचीन व मध्ययुगीन कागद : या भागातील जमिनीसंबंधीचा सर्वांत महत्त्वाचा प्राचीन दस्तऐवज कागदावर नसून तांब्यावर आहे. वाकाटक घराण्याच्या वत्सगुल्म (वाशिम) शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिम येथे उपलब्ध झाला. राजाच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षी, वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र नांदीकड (नांदेड) भागातील एका गावासंबंधीचे आहे. त्याची भाषा विचार करण्यासारखी आहे. राजाच्या वंशावळीचा भाग संस्कृतात आहे. परंतु प्रत्यक्ष आज्ञा, गावाला दिलेल्या सवलतींची यादी आणि अधिकाऱ्यांना दिलेली ताकीद प्राकृतात आहे. गौरवाचा मजकूर दरबारी भाषेत व अंमलबजावणीचा मजकूर व्यवहाराच्या भाषेत, ही विभागणी चौथ्या शतकातील आहे आणि ती पुढील दीड हजार वर्षांत फारशी पाळली गेली नाही.

मोगल काळात वाशिम हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. आईन-इ-अकबरीत त्याची नोंद आहे. मोगल व पुढे निजामशाहीच्या काळात वरच्या कचेऱ्यांचा लेखनव्यवहार फार्सीत चाले, तर परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-पटवारी यांचे हिशेब मराठीत, मोडी लिपीत असत. मोडी ही वेगाने लिहिण्याची लिपी आहे. हात न उचलता बोरूने ओळच्या ओळ लिहिता यावी, हा तिचा गुण. पण वेगाबरोबर संक्षेप आले, संक्षेपांबरोबर घराघरांची वळणे आली, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्या लेखकासही अडखळत वाचावे लागे. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला तर देवनागरी काय आणि मोडी काय, सारखीच परकी होती.

दप्तराची परिभाषा बहुतांशी फार्सी-अरबी होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून तिला संस्कृत प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न केला, हे सर्वश्रुत आहे. गावपातळीवर मात्र तहसील, जमाबंदी, फेरफार, दाखला, नक्कल, अर्ज, तारीख, हजेरी हे शब्द टिकले, इतकेच नव्हे तर आज ते कोणाला परकेही वाटत नाहीत. शब्दाचे मूळ कोणते यापेक्षा तो किती तोंडांतून गेला आहे, यावर त्याची सुबोधता ठरते.

निरक्षरांचाही या कागदांत सहभाग होता, पण तो चिन्हांच्या रूपाने. महजर किंवा कर्जरोखा यांवर कुणबी नांगराची निशाणी करी, न्हावी आरशाची, आणि स्त्रीच्या नावापुढे बांगडी काढली जाई. शेजारी लेखकाचे नाव ‘बिकलम’ म्हणून येई व साक्षीदारांची नावे येत. निशाणी करणाऱ्यास त्याच्या वर काय लिहिले आहे हे ऐकवले जाई. जे ऐकवले तेच लिहिले होते काय, हे पडताळण्याचे साधन मात्र त्याच्याजवळ नसे. इतिहासकार या निशाण्यांकडे कौतुकाने पाहतात. त्यांतील असहायता त्यांच्या नजरेस क्वचितच पडते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यात इजाऱ्याची (मक्त्याची) पद्धत बळावली. हैदराबादचा सावकार पूरणमल याच्याकडे वऱ्हाडचा मोठा भाग मक्त्याने होता. मक्तेदाराला ठरलेल्या मुदतीत वसुली हवी असे. कोणती जमीन कोणाच्या वहिवाटीची याचा कायमचा लेख ठेवण्यात त्याला स्वारस्य नव्हते. परिणामी पाटील व पटवारी यांच्या घरातील बाडे आणि गावकऱ्यांची स्मृती एवढाच आधार उरला.

पाहणी आणि पटवारी : १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचे जिल्हे कंपनीच्या कारभाराखाली दिले. १८६० नंतरच्या दशकात तेथे मुंबई पद्धतीची जमीनमोजणी व आकारणी सुरू झाली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात बसविलेली व १८४७ च्या संयुक्त अहवालाने निश्चित झालेली ही पद्धत होय. तिचे मर्म असे, की प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याच्या सीमा जागेवर खुणांनी व नकाशात रेषांनी दाखविल्या गेल्या, जमिनीची प्रत ठरवून तीस वर्षांसाठी सारा बांधला गेला आणि सारा देण्याची जबाबदारी थेट खातेदारावर आली. वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून होणारी भांडणे पूर्वीही होती. आता ती मिटविण्यासाठी नकाशा पाहावा लागू लागला. शेताची ओळखही बदलली. चिंचेचे, खारीचे, देवळामागचे अशा नावांनी ओळखले जाणारे वावर कागदावर एक आकडा बनले. आकड्यामुळे गोंधळ कमी झाला यात संशय नाही. पण आपले वावर दप्तरात शोधायचे तर आकडा वाचता यायला हवा, ही नवी अट त्याबरोबर आली.

नवी आकारणी जाहीर करताना गावकऱ्यांना एकत्र बोलावून ज्याचा त्याचा आकार सांगितला जाई. हे जाहीर वाचन पद्धतीचाच भाग होते, आणि तिच्या यशाचे श्रेय जितके मोजणीच्या साखळीस तितकेच यासही द्यावयास हवे. मात्र आकारणीचा अधिकारी तीस वर्षांनी एकदा येई. मधल्या सर्व वर्षांत वाचणारा व लिहिणारा एकच, तो म्हणजे पटवारी.

वऱ्हाडात पाटील व पटवारी ही दोन्ही पदे वतनी होती. १९०० च्या वऱ्हाड पाटील-पटवारी कायद्याने त्यांच्या नेमणुका व कर्तव्ये नियमबद्ध केली. जमीनमहसुलासाठी १८९६ ची व नंतर १९२८ ची संहिता होती. पाटलाकडे अधिकार व मान होता, पटवाऱ्याकडे लेखणी. पटवारी बहुतेक ठिकाणी ब्राह्मण कुटुंबातील असे, आणि ज्या पाटलाला स्वतःला लिहिता येत नसे, तो आपल्या सहीच्या कागदांसाठीही त्याच्यावरच अवलंबून असे.

पटवाऱ्याचे काम वर्षाच्या चक्राने चाले. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते. पावसाळी पिके उभी असताना शेतोशेत फिरून कोणत्या नंबरात कपाशी, कोणत्यात ज्वारी, तूर, मूग किती क्षेत्रात आहे याची पाहणी करावयाची; पुढे रब्बीची तशीच; त्यांवरून पेरेपत्रक भरावयाचे; पिकाची आणेवारी (दशमान नाण्यांनंतर पैसेवारी) ठरविण्यास माहिती द्यावयाची; हप्त्यांच्या वेळी वसुली करून पावत्या फाडावयाच्या; भरणा चलनाने तहसिलीत पाठवावयाचा; आणि अखेरीस जमाबंदीच्या वेळी सर्व कागद बांधून तहसील कचेरीत हजर व्हावयाचे. हा सर्व मजकूर ठराविक रकान्यांत बसणारा असे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातील एखादाच रकाना जीवनमरणाचा असे, आणि तो बहुधा सर्वांत लहान असे. शेत कोण कसतो, या रकान्यात ‘खुद्द’ असा दोन अक्षरी शब्द पडला की बटाईने कसणाऱ्याचा मागमूस दप्तरात राहत नसे. पाहणी शेतावर न जाता चावडीत बसून लिहिली जाते, हा आक्षेप या पद्धतीइतकाच जुना आहे. आणि गेल्या वर्षीचे पान समोर ठेवून नक्कल करणे, हे लबाडीपेक्षाही कंटाळ्याने होत असे, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. एका पटवाऱ्याकडे शेकडो नंबर असत. तेच तेच लिहिणाऱ्याच्या हातून बदल नोंदला जाणे कठीण, आणि दप्तराचा सारा उपयोग तर बदल नोंदण्यासाठी.

लेखणीच्या या एकाधिकाराविरुद्ध महाराष्ट्रात तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले केले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. ते मिळाले की जाळले जात. चौकशीनंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, अशी तरतूद करण्यात आली. याचा अर्थ असा, की दस्त वाचून दाखविणारा तिऱ्हाईत असावा हे सरकारला पटले होते. जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात शेतकऱ्याच्या अज्ञानाचा व कारकुनी लेखणीचा संबंध उघड करून दाखविला. मुकुंदराव पाटील यांचे कुलकर्णी लीलामृत (१९१३) हे त्याच परंपरेतील. ‘कलमकसाई’ या शब्दात ही सारी चीड साठविलेली आहे. वऱ्हाडातही अनुभव निराळा नव्हता. अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे गाडगे महाराजांच्या आजोळची जमीन सावकारी व्यवहारात गेली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो, आणि त्यांच्या कीर्तनांतील शिक्षणाच्या आग्रहामागे तो उभा आहे.

कोतवाल बुक : महसुली कागदांच्या बरोबरीने वऱ्हाड व मध्यप्रांतात आणखी एक नोंद गावोगाव ठेवली जाई, ती कोतवाल बुक या नावाने ओळखली जाते. गावात कोण जन्मले, कोण मेले, कशाने मेले, मृताचे वय व जात काय, बापाचे नाव काय, असा मजकूर तीत असे. गावचा कोतवाल ही वही घेऊन ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यावर जाई. तेथे नोंदी उतरवून घेतल्या जात व तो वही घेऊन परत येई. पटकी व देवीच्या साथींची बातमी सरकारला प्रथम याच मार्गाने मिळे.

कोतवाल आणि त्याच्यासारखे गावकामगार बहुधा महार समाजातील असत. सरकारी टपाल, वसुलीचा भरणा आणि दप्तराचे गाठोडे डोक्यावरून तहसिलीपर्यंत नेणे हे त्यांच्याच वाट्याचे काम. गावाचे कागद सर्वांत जास्त मैल ज्याने वाहिले त्याला ते वाचण्याची संधी नाकारलेली होती, आणि त्याच्या मुलाला शाळेच्या ओट्याबाहेर बसावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे या विनामोल राबणुकीचा प्रश्न होता.

काळाने या वहीला अनपेक्षित महत्त्व दिले. स्वातंत्र्यानंतर जातीचा दाखला हा शिक्षण व नोकरीतील सवलतींचा आधार ठरला आणि दाव्याची पडताळणी करताना ठराविक दिनांकांपूर्वीचा पुरावा मागितला जाऊ लागला : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या घरात शाळेचा दाखला नाही, जमीन नाही, त्या घरापाशी आजोबांच्या जन्माची किंवा पणजीच्या मृत्यूची कोतवाल बुकातील एक ओळ एवढाच पुरावा असतो. ती ओळ लिहिणाऱ्याने जातीचे नाव घाईने, अर्धवट किंवा पोटजातीच्या नावाने लिहिले असेल, तर तीन पिढ्यांनंतरच्या विद्यार्थ्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. पटकीची बातमी कळावी म्हणून ठेवलेली वही अशा रीतीने वंशाचा पुरावा झाली. लिहिणाऱ्याला याची कल्पना असणे शक्यच नव्हते. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमानंतर हे काम ग्रामपंचायतीच्या नोंदवहीकडे गेले.

भाषा व परिभाषा : १९५० ते १९६७ या काळात वऱ्हाडच्या गावदप्तराची भाषा जितकी बदलली तितकी ती आधीच्या शंभर वर्षांत बदलली नव्हती. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या राजभाषा झाल्या, आणि डॉ. रघुवीर यांच्या मार्गदर्शनाने संस्कृतनिष्ठ परिभाषा घडविण्याचे मोठे काम नागपूर येथे झाले. मध्य प्रदेशाच्या १९५४ च्या जमीनमहसूल संहितेने खातेदाराला भूमिस्वामी व भूमिधारी ही नावे दिली. विदर्भात आजही जमिनीच्या प्रकरणांत मागितला जाणारा ‘अधिकार अभिलेख’ त्याच काळातील. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. तिने त्याच शेतकऱ्याला भोगवटादार वर्ग १ किंवा वर्ग २ म्हटले. दरम्यान पाटीलकीची वतने १९६२ च्या कायद्याने १ जानेवारी १९६३ पासून संपली, पटवारी हा तलाठी झाला आणि मुंबई इलाख्यात अँडरसन यांनी सूत्रबद्ध केलेले क्रमांकवार गाव नमुने वऱ्हाडात रूढ झाले. एका माणसाने एकाच शेतात उभे राहून खातेदार, भूमिस्वामी व भोगवटादार अशी तीन नावे पंधरा वर्षांत धारण केली. त्यांतले एकही त्याने स्वतःहून उच्चारले असेल असे वाटत नाही. तो स्वतःला शेतकरीच म्हणत राहिला, आणि तलाठ्याला पटवारी.

याच वर्षांत कुळांचा प्रश्न ऐरणीवर होता. १९५८ च्या विदर्भ कूळवहिवाट कायद्याखाली १ एप्रिल १९६१ पासून कुळांकडे मालकी जाण्याची तरतूद झाली. तेव्हा पेरेपत्रकातील कसणाऱ्याचा तो लहान रकाना निर्णायक ठरला. ज्यांची नावे तेथे लागली होती त्यांना जमीन मिळण्याचा मार्ग खुला झाला, आणि ज्यांच्या जागी ‘खुद्द’ लिहिलेले होते, त्यांना तोंडी साक्षीपुराव्यावर झगडावे लागले.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्याची राजभाषा झाली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश (१९६२) व पुढे शासन व्यवहार कोश (१९७३) प्रसिद्ध केले. या परिभाषेवर बोजडपणाचा आरोप नेहमी होतो. तो सरसकट खरा नाही : संचालक, आयुक्त, अनुदान, निविदा हे शब्द एका पिढीत रुळले. पण ‘विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही’ किंवा ‘अधिकार अभिलेख पत्रक’ हे गावकऱ्याच्या तोंडी कधीच बसले नाहीत. त्याने आपली सोय आपणच केली. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) एकाच पानावर येतात, म्हणून त्याने त्या पानाला ‘सातबारा’ म्हटले, आठ-अ या खातेउताऱ्याला ‘आठ अ’, आणि इतर हक्कांच्या रकान्यातील कर्जाला ‘बोजा’. कोणत्याही कोशाने न घडविलेला सातबारा हा शब्द आज मराठीतील बहुधा सर्वांत समर्थ प्रशासकीय शब्द आहे. ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी राजकीय सभांतून दिली जाते आणि ती कोणास समजावून सांगावी लागत नाही.

फेरफार : गावदप्तरातील सर्वांत महत्त्वाचे नित्यलेखन म्हणजे गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी, गहाण अशा कोणत्याही कारणाने हक्क बदलला की संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. तलाठी नोंद घालतो, तिची प्रत चावडीत लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो. पंधरा दिवसांत हरकत आली तर प्रकरण सहा-अ या वेगळ्या वहीत जाते, न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावरील जुन्या नावाला कंस होऊन नवे नाव लागते. कलम १५७ प्रमाणे अशी नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावयाची असते. लेखनातील चूक दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे, पण तिचा लाभ घेण्यासाठी चूक आधी दिसावी लागते.

सारी व्यवस्था अशा रीतीने वाचनावर उभी आहे. चावडीच्या भिंतीवरील कागद वाचला गेला नाही, म्हणजे हरकत नाही. हरकत नाही, म्हणजे संमती. सासरी गेलेल्या मुलीचे नाव वारसनोंदीत आले नाही, तर तिला ते कळण्यास तो कागद तिच्या गावच्या भिंतीवर नसतो. घराच्या कागदांत बायकांची नावे विरळ असण्याचे कारण केवळ कायदा नाही. वर्दी देणारा, लिहिणारा आणि प्रमाणित करणारा हे तिघेही प्रायः पुरुष होते, हेही आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पत्नीच्या नावावर जमीन करून देण्याचा आग्रह धरला गेला, तेव्हा तो प्रथमच चळवळीचा विषय झाला.

या प्रश्नाचे गांभीर्य पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या काळात प्रकर्षाने प्रत्ययास आले. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वाशिमचा समावेश होता. मृताच्या कुटुंबास मिळणाऱ्या राज्य शासनाच्या मदतीची पात्रता सातबारा, कर्जाचे कागद व थकबाकीची मागणी यांवरून ठरे. घरात जमीन आहे पण ती अजून आजोबांच्याच नावावर आहे, कर्ज आहे पण ते कागद नसलेल्या सावकाराचे आहे, अशी कुटुंबे पात्रतेच्या कडेवर राहिली. न घातलेला फेरफार हा आळस वाटतो. प्रत्यक्षात तो पुढे विधवेला नडतो.

संगणकीय दप्तर : एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हस्तलिखित सातबारे संगणकावर आले. मूळ वहीशी ते जुळतात की नाही हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांना बोलावून नावे, क्षेत्रे व बोजे मोठ्याने वाचून दाखविण्यात आले. दीडशे वर्षांपूर्वी आकारणी जाहीर करताना जे होत असे, त्याचेच हे नवे रूप होय. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पीक नोंदवावे अशी सोय झाली. गाव नमुना बाराचा लेखक शेतकरी स्वतः झाला, ही घटना वऱ्हाडच्या गावदप्तराच्या इतिहासात पहिलीच. ज्यांच्याजवळ तसा फोन नाही किंवा ज्यांच्या शिवारात संदेशवहन पोचत नाही, त्यांच्यासाठी लिहिणारा पुन्हा दुसराच कोणी असतो. २०२४ मध्ये तलाठी या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले. वऱ्हाडात पटवारी हे नाव साठ वर्षांत गेले नाही, हे ध्यानात घेता या नव्या नावालाही वेळ लागेल.

याच काळात जुन्या कागदांकडे लोकांचे लक्ष नव्याने वळले. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या कामासाठी खासरे, पाहणीपत्रके, जन्ममृत्यूच्या वह्या असे असंख्य कागद तपासले गेले, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची निकड भासली. मोडी शाळांतून जाऊन तेव्हा सुमारे सत्तर वर्षे झाली होती. पूर्वी कुणब्याला जे वाचता येत नसे, ते आता जिल्हाधिकारी कचेरीतील पदवीधर कर्मचाऱ्यालाही वाचता येत नव्हते.

अभिलेख कक्षात काय उरते, याचेही नियम आहेत. कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावले जातात : अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क व ड वर्ग थोड्या वर्षांचे. फेरफार व आकारबंद अ वर्गात टिकतात. स्मरणपत्रे, किरकोळ टिपणे आणि गावकऱ्यांनी आपल्या हाताने किंवा अर्जनवीसाकडून लिहवून घेतलेले साधे अर्ज खालच्या वर्गांत पडतात व मुदत संपताच नष्ट केले जातात. त्यामुळे जऊळक्यासारख्या गावाच्या दप्तरातून शेतकऱ्याबद्दल काय लिहिले गेले ते शंभर वर्षे मागे जाऊन पाहता येते. त्याने काय लिहिले होते, ते बहुधा पाहता येत नाही.